आय-७५१ मध्ये अडकलेलं नागरिकत्व : माझा अनुभव

अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत व्यवस्थित झाली होती. एक वाक्य वाचलं, एक लिहिलं, नागरिकशास्त्राचे पहिले सहा प्रश्न बरोबर आले तिथेच परीक्षा थांबली. मग अधिकारीबाईंनी एन-६५२ हा मुलाखतीच्या निकालाचा कागद हातात दिला. त्यावर 'आज निर्णय देता येत नाही' अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण केलेली होती. कारण एकच : माझा आधीचा अर्ज, ग्रीन कार्डावरची अट काढून घेण्याचा आय-७५१, १८ महिने दुसऱ्याच केंद्रात पडून होता आणि त्याची फाइल या कार्यालयात आलेलीच नव्हती.

लग्नाच्या आधारे अमेरिकेत येऊन पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यांचं घोडं बऱ्याचदा इथेच अडतं. व्हिसा, मेडिकल, मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत यांवर हवी तेवढी माहिती मिळते. आय-७५१ बद्दल मात्र 'भरून टाका आणि वाट बघा' यापलीकडे मला कुणी काही सांगितलं नव्हतं. नुसती वाट बघण्यात माझे कितीतरी महिने गेले.

आधी हा अर्ज कशासाठी असतो ते सांगते. ग्रीन कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दहा वर्षांचं न मिळता दोनच वर्षांचं, सशर्त मिळतं. ती अट काढून घेण्यासाठी नवरा-बायकोने मिळून आय-७५१ भरायचा असतो, तोही कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत. त्याआधी पाठवलात तर परत येतो, आणि मुदत उलटू दिलीत तर दर्जाच धोक्यात येतो. दोघांच्याही सह्या लागतात, शाईने केलेल्या. फी आज ७५० डॉलर आहे. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी चेक आणि मनी ऑर्डर बंद आहेत, त्यामुळे क्रेडिट-डेबिट कार्डाने भरण्यासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यातून थेट भरण्यासाठी जी-१६५० हा फॉर्म वर लावा. जुन्या चेकलिस्ट बघून चेक जोडलात, तर पाकीट परत यायचं आणि ९० दिवसांतले दिवस हकनाक जायचे.

अर्ज पोचला की पावती येते. त्या पावतीला साधा कागद समजू नका. जानेवारी २०२३ पासून ही पावती तुमच्या संपलेल्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते. (२०१८ मध्ये ही वाढ १८ महिन्यांची होती, २०२१ मध्ये २४ झाली. कामाचा उपसा किती मंद आहे ते यावरूनच कळावं.) संपलेलं कार्ड आणि ही मूळ पावती, हे दोन मिळून तुमचं ग्रीन कार्ड. भारतात जाताना दोन्ही हातसामानात ठेवा. परतताना मुंबईच्या काउंटरवर कार्डावरची जुनी तारीख बघून थांबवतात, तेव्हा पत्रातलं ४८ महिन्यांचं वाक्य बोट ठेवून दाखवायचं. वाद घालत बसू नका, सुपरवायझरला बोलवायला सांगा. झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका.

नोकरीच्या ठिकाणीही हाच घोळ होतो. रुजू होताना तुम्ही चालू मुदतीचं ग्रीन कार्ड दाखवलं असेल, तर ते संपल्यावर कंपनीने पुन्हा कागद मागायचे नसतात, असा नियमच आहे. एचआरला आय-९ च्या (नोकरीचा हक्क तपासण्याच्या फॉर्मच्या) नियमावलीत हे बघायला सांगा.

आता मूळ अडचणीकडे येते. नागरिकाशी लग्न झालेल्यांना पाचऐवजी तीन वर्षांनी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरता येतो, आणि निवासाची तीन वर्षं भरण्याआधी ९० दिवस तो पाठवता येतो. म्हणजे कार्ड मिळाल्यापासून दोन वर्षं नऊ महिन्यांनी. आय-७५१ साधारण एकविसाव्या-बाविसाव्या महिन्यात जातो आणि त्यावर निर्णय व्हायला सहज दीड-दोन वर्षं लागतात. त्यामुळे पहिला अर्ज पडून असतानाच दुसरा भरायची वेळ येते. भरावा का? जरूर भरावा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : आय-७५१ मंजूर झाल्याशिवाय एन-४०० मंजूर होत नाही. सैन्यातल्या काही प्रकरणांचा अपवाद सोडला तर यात सूट नाही. परीक्षा पास झालात, सगळं बरोबर असलं, तरी पहिली फाइल उघडल्याशिवाय दुसरी बंद होत नाही.

अडचण फाइलच्या जागेची असते. आय-७५१ सेवा केंद्राकडे असतो, एन-४०० ची मुलाखत स्थानिक कार्यालयात होते, आणि एकाची फाइल दुसऱ्याने मागवल्याशिवाय जागची हलत नाही. म्हणून मुलाखतीचं पत्र आलं की त्याच दिवशी फोन करून किंवा इमिग्रेशन खात्याच्या (यूएससीआयएसच्या) संकेतस्थळावरच्या एमा या चॅटमध्ये 'लाइव्ह एजंट' टाइप करून माणूस गाठा आणि दोन्ही अर्जांची एकत्र मुलाखत मागा. 'माझा आय-७५१ प्रलंबित आहे, पावती क्रमांक अमुक, फाइल मुलाखतीच्या कार्यालयात पोचली आहे का?' एवढंच विचारा, आणि त्या संवादाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. मी हे केलं नाही. पत्र आलं म्हणजे फाइल आली असणार, असं मी गृहीत धरलं. ते चुकलं.

मुलाखतीला जोडीदारालाही घेऊन जा, पत्रात त्याचं नाव नसलं तरी. एकत्र मुलाखत व्हायची ठरली तर दोघं लागतात, आणि जोडीदार दोनशे मैलांवर ऑफिसात असेल तर पुढची तारीख मिळते. आय-७५१ चे ताजे पुरावेही सोबत असू द्या. अर्ज पाठवला तेव्हाचे पुरावे आता दोन वर्षं जुने झालेले असतात. त्यानंतरचे संयुक्त खात्याचे स्टेटमेंट, दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा गृहकर्ज, गाडीचा आणि आरोग्याचा विमा, एकमेकांना वारस नेमल्याचे कागद, आणि एकत्र भरलेल्या प्राप्तिकराचे ट्रान्स्क्रिप्ट. हे ट्रान्स्क्रिप्ट कर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि स्वतः छापलेल्या रिटर्नपेक्षा त्यांना वजन जास्त असतं. आपल्याकडचे लोक लग्नाचे फोटो गठ्ठ्याने जोडतात, अंतरपाट, सप्तपदी, सगळं. लग्न झालं हे त्यांना आधीच मान्य आहे. त्यांना बघायचा असतो लग्नानंतरचा संसार, महिन्यामागून महिना. दहा-बारा फोटो पुरे, मागे तारीख आणि ठिकाण लिहून.

एन-६५२ हातात आला त्या दिवसाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. कायद्याने मुलाखतीनंतर १२० दिवसांत एन-४०० वर निर्णय द्यायचा असतो. तो दिला नाही तर अर्जदाराला केंद्रीय जिल्हा न्यायालयात जाता येतं. वकील याला '१४४७ (बी)' म्हणतात. न्यायालय स्वतः निर्णय देऊ शकतं किंवा मुदत घालून प्रकरण परत पाठवू शकतं. दाव्याची न्यायालयीन फी ४०५ डॉलर, वकिलाची वेगळी. मुलाखतच झाली नसेल तर हे कलम लागू होत नाही. तेव्हा नुसत्या विलंबाविरुद्ध वेगळा दावा लावावा लागतो आणि तो तुलनेने कमजोर असतो. म्हणूनच आय-७५१ पडून असला तरी एन-४०० भरून मुलाखतीपर्यंत पोचण्यात अर्थ आहे : तिथून घड्याळ सुरू होतं.

मी ते १२० दिवस काहीच केलं नाही. दर आठवड्याला स्थिती बघायची आणि तेच वाक्य वाचायचं, 'तुमचं प्रकरण सक्रियपणे तपासलं जात आहे.' या वाक्यावर आजही माझा राग आहे, कारण ते वाचलं की काहीतरी चाललंय असं वाटतं आणि आपण थांबतो. माझी फाइल त्या सगळ्या काळात हललीच नव्हती.

काय करायला हवं होतं ते क्रमाने सांगते. संकेतस्थळावर 'प्रोसेसिंग टाइम' दिसतो, तो ८० टक्के अर्ज किती काळात निकाली निघाले याचा आकडा असतो. म्हणजे पाचातला एक अर्ज त्याहून जास्त लांबतो आणि त्यात काही गैर आहे असं ते मानत नाहीत. तिथेच पावतीची तारीख टाकली की कोणत्या दिवसापासून चौकशी करता येईल ते कळतं. तो दिवस उजाडला की ऑनलाइन चौकशी टाका. उत्तर बहुधा ठरावीक साच्याचं येतं, पण ती नोंद पुढे लागते.

दुसरी पायरी, तुमच्या मतदारसंघाच्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याचं स्थानिक कार्यालय. तुम्हाला मत नसलं तरी चालतं, तुम्ही तिथे राहता एवढं पुरतं. त्यांच्या संकेतस्थळावर गोपनीयता-परवानगीचा फॉर्म असतो. तो सही करून द्यायचा आणि सोबत एका पानात हकीकत : दोन्ही पावती क्रमांक, तारखा, मुलाखत कधी झाली, १२० दिवस कधी संपतात. आणि मागणी नेमकी लिहा. 'कृपया मदत करा' असं लिहू नका, 'आय-७५१ ची फाइल अमुक कार्यालयाकडे पाठवून दोन्ही अर्जांवर निर्णय व्हावा' असं लिहा. एकाच वेळी प्रतिनिधी आणि दोन्ही सिनेटर यांना लिहू नका, तिघांची चौकशी एकमेकांत अडकते. माझी फाइल हलली ती या पत्रानंतर. मुलाखतीनंतर पाचव्या महिन्यात पत्र गेलं, आय-७५१ भरल्यापासून सव्विसाव्या महिन्यात मंजूर झाला आणि एन-४०० त्याच आठवड्यात. इतके महिने अडलेलं काम एका आठवड्यात झालं, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं आणि चीडही आली.

त्यानंतरही हललं नसतं तर वकिलाचं पत्र आणि मग दावा, हे मी ठरवलं होतं. वकिलाशी बोलताना त्याने १४४७ (बी) चे दावे आधी लढवलेत का हे विचारा. नेहमीचे फॉर्म भरून देणारे वकील कोर्टात जातातच असं नाही.

मधेच जास्तीचे पुरावे मागणारं पत्र आलं तर उत्तर एकदाच देता येतं. थोडं आज, थोडं पुढच्या आठवड्यात, असं पाठवलंत तर पहिल्या पाकिटावरच निर्णय होतो. मूळ पत्र सगळ्यात वर ठेवायचं. मुदत पत्रावर छापलेली असते आणि त्या तारखेला पाकीट पोचलेलं लागतं, टाकलेलं नव्हे.

घर बदललं तर १० दिवसांत पत्ता कळवणं बंधनकारक आहे. टपाल खात्याची 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' ही फुकट सेवाही सुरू करा. येणाऱ्या पाकिटांचे फोटो ईमेलवर दिसतात, त्यामुळे पत्र हरवलं तर त्याच दिवशी कळतं. मुदतवाढीचं पत्र हरवलं किंवा ४८ महिनेही संपले, तर पासपोर्टवर ग्रीन कार्डाऐवजी चालणारा आय-५५१ चा शिक्का मागता येतो.

तीन वर्षांच्या नियमात आपल्याकडच्या जोडप्यांची एक चूक फार होते. जोडीदार स्वतः नुकताच नागरिक झालेला असतो. तीन वर्षांची सवलत घ्यायची तर जोडीदार तीन वर्षं नागरिक असायला हवा आणि तेवढा काळ तुम्ही एकत्र राहिलेले असायला हवेत. त्याच्या प्रमाणपत्रावरची तारीख आधी बघा, नाहीतर एन-४०० ची फी (ऑनलाइन ७१०, कागदावर ७६० डॉलर) वाया जाते. शिवाय त्या तीन वर्षांत १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवं. बाळंतपणाला किंवा आईवडिलांच्या आजारपणात भारतात सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर सलग वास्तव्य मोडलं असं धरतात आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. लग्न मोडलं तर तीन वर्षांची वाट बंद होते, पाचाची राहते, आणि आय-७५१ एकट्याने भरता येतो, त्याला ९० दिवसांची चौकट नाही.

परीक्षेचं : २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या एन-४०० ला नवी परीक्षा आहे. १२८ प्रश्नांतले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर लागतात. मला जुनी होती, १०० पैकी १० आणि ६ बरोबर. जुन्या यादीवर अभ्यास करू नका.

नावांचं आधीच सांगायला हवं होतं. मराठी बाईची नावं कागदोपत्री तीन-तीन असतात : माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, मग नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, पासपोर्टवर दुसरं. 'यापूर्वी वापरलेली नावं' या रकान्यात ही सगळी लिहा, एकही गाळू नका, आणि प्रत्येक अर्जात तीच यादी तशीच ठेवा. ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा मराठी दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतरकाराने 'मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं लिहून सही केली की पुरतं, नोटरी लागत नाही. दोन्ही भाषा येणारा ओळखीचा माणूसही हे करू शकतो. भाषांतरात नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवायला सांगा.

शपथविधीला ग्रीन कार्ड परत द्यावं लागतं, आणि भारतीय कायद्याप्रमाणे भारताचं नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. त्या दिवसानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. म्हणजे अमेरिकन पासपोर्ट येईपर्यंत तुम्ही देशाबाहेर जाऊ शकत नाही, आणि भारतात जायला पुढे व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) लागतं. त्याआधी जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गणपतीला किंवा भाचीच्या लग्नाला जायचं तिकीट शपथेच्या तारखेजवळ काढू नका. पासपोर्टच्या अर्जासोबत नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं, म्हणून ते जाण्याआधी त्याच्या स्पष्ट प्रती काढून ठेवा, सरेंडर आणि ओसीआय दोन्हीला लागतात.

आणि प्रमाणपत्र हातात आलं की खुर्चीवरून उठायच्या आत नाव, जन्मतारीख, देश, सगळं अक्षर अक्षर वाचा. चूक तिथेच दाखवली तर तिथेच दुरुस्त होण्याची शक्यता असते. घरी गेल्यावर लक्षात आली तर प्रमाणपत्र बदलून घेण्याचा एन-५६५ भरून पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं.