बोधगयेहून वेळुवनाकडे, पायी

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन केलं आणि रात्रीची हावडा मेल धरून आमच्या विहारातली मंडळी गयेला निघाली. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी असा फेरा बसने करणारे पुष्कळ असतात. आम्हाला चालायचं होतं, तेही बोधगया ते राजगीर एवढंच. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध सारनाथला गेले, पहिला उपदेश केला, उरुवेलेला (बोधगयेच्या परिसराचं जुनं नाव) परत आले आणि मग ज्या अंगाने राजगृहाकडे, म्हणजे आजच्या राजगीरकडे गेले, तो हा मुलूख.

चालायचं का, तर बुद्ध चालले म्हणून. पंचेचाळीस वर्षं, पावसाळ्यातले वर्षावासाचे महिने सोडले तर, ते चालतच होते. सारनाथला साठ भिक्खू जमले तेव्हा त्यांना दिलेली आज्ञाही चालण्याचीच: "चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय." भिक्खूंनो, बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी चारिका करा, गावोगाव फिरा. आणि पुढे असंही, की दोघांनी एका वाटेने जाऊ नका. हे शब्द आम्ही लहानपणापासून विहारात म्हणत आलो. विहारात बसून म्हणायचे ते, चालताना म्हणून बघायचे होते.

बोधगयेला डिसेंबरच्या सुरुवातीला बोधिवृक्षाखाली तिपिटकाचं, म्हणजे पालीतल्या बौद्ध ग्रंथांचं, सामूहिक पठण चालतं. थायलंड, श्रीलंका, म्यानमार, कंबोडिया, व्हिएतनाम, बांगलादेश, जिथले तिथले भिक्खू आपापल्या चालीत पाली म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचे, चाल अनोळखी. मावशी (आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या, विहारातल्या पोरांना वंदना शिकवणाऱ्या) डोळे मिटून ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "अगं, आपलंच म्हणतायत सगळं."

महाबोधी विहार सुमारे 55 मीटर उंच आहे. मान वर करून बघावं असाच. पण मी रमले ते खाली, जमिनीलगत. विहाराच्या उत्तर भिंतीला लागून चंक्रमणाचा लांब दगडी कट्टा आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध तिथे येरझारा घालत होते असं परंपरा सांगते. त्यांचं पाऊल जिथे पडलं तिथे दगडात कमळं कोरली आहेत आणि लोक त्या कमळांवर झेंडूची फुलं ठेवतात. माणूस कोरलेला नाही, त्याचं चालणं कोरलेलं आहे. मागच्या बाजूला बोधिवृक्षाखाली वज्रासन आहे, सम्राट अशोकाच्या काळातलं, वालुकाश्माची घोटीव शिळा. तीही रिकामी.

पुढे वाटभर हेच मनात घोळत राहिलं. आज बुद्ध म्हटलं की मिटलेल्या डोळ्यांची मूर्ती समोर येते. पण सांची, भरहूत इथल्या जुन्या शिल्पांत बुद्धांची आकृतीच नाही. वृक्ष आहे, चक्र आहे, पावलं आहेत, रिकामं आसन आहे, स्तूप आहे. आपल्या भाजे लेण्यांतल्या चैत्यगृहातही मूर्ती नाही, नुसता स्तूप. मूर्ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास मथुरेला आणि गांधारात घडू लागल्या. मला मूर्ती आवडते, आमच्या घरातही आहे. तरी मनापासून सांगते, पावलं आणि रिकामं आसन मला जास्त खरं वाटतं. ती चिन्हं सांगतात की एक माणूस इथे बसला, इथून उठला, इकडे गेला.

वृक्षाचं पान पडलं की आजूबाजूचे सगळे एकदम हलतात. आवाज नाही, धक्काबुक्की नाही, पण पाच-सहा हात पुढे होतात. माझ्या शेजारच्या व्हिएतनामी उपासिकेला एक पान मिळालं. तिने ते माझ्यापुढे धरलं, दोघींनी मिळून त्याचं लांब निमुळतं टोक बघितलं, मग तिने ते वहीत ठेवलं. आजचा वृक्ष जुन्या वृक्षाचा वंशज आहे. आधीचा 1876 च्या सुमारास वादळात पडला, त्यानंतर इथे रोप लावलं गेलं. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने श्रीलंकेला नेलेली फांदी तिकडे अनुराधपुरात वृक्ष होऊन उभी आहे.

एक खंत इथेच लिहून ठेवते. या विहाराचा कारभार आजही 1949 च्या कायद्याने चालतो. समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. श्रीलंकेचे धम्मप्रचारक अनागारिक धम्मपाल 1891 मध्ये इथे आले तेव्हापासूनची मागणी आहे की हे स्थान बौद्धांच्या हाती असावं. बाहेर त्यासाठी बसलेल्या लोकांत मराठी बोलणारे खूप भेटले. आम्हीही त्यांच्याजवळ बसलो, जय भीम केला आणि मग नदीकडे वळलो.

निरंजना डिसेंबरात म्हणजे वाळूच. मध्ये पाण्याच्या एक-दोन धारा. पलीकडे बकरौर गाव आणि विटांचा मोठा गोल स्तूप, तो सुजातेच्या नावाचा. देहदंडनाने खंगलेल्या सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता. मावशींना तिथून हलवायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, साऱ्या कथेत एका बाईने ताट पुढे केलं नसतं तर पुढचं काही झालंच नसतं. मला ते पटतं.

त्याच काठाने पुढे डुंगेश्वरीचा डोंगर, जुन्या ग्रंथांतला प्राग्बोधी. वर लहानशी गुहा आहे, आत वाकून शिरावं लागतं. आत काळोख, दिव्यांची ऊब आणि सोनेरी रंगाची उपाशी सिद्धार्थाची मूर्ती. बरगड्या मोजता येतात, डोळे खोल गेलेले. सुत्तांत, म्हणजे त्यांच्या उपदेशांच्या ग्रंथांत, बुद्ध स्वतः त्या दिवसांबद्दल सांगतात: पोटाची कातडी चाचपायला जावं तर पाठीचा कणा हाती लागे. गुहेतून बाहेर आलं की समोर सगळा हिरवा-पिवळा सखल मुलूख पसरलेला दिसतो, मोहरी फुललेली, ताडाची झाडं. मध्यम मार्ग आम्ही व्याख्यानांतून खूप ऐकला. या डोंगरावर तो नीट उमगला. हा माणूस दोन्ही टोकं स्वतःच्या अंगावर भोगून खाली उतरला. राजवाडाही बघितला आणि ही गुहाही.

पहाटेच निघायचो. धुकं इतकं की पुढच्याची शाल तेवढी दिसे. मावशींच्या काठीला पंचशील ध्वज बांधलेला, निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. आम्ही त्याच्या मागे. हा ध्वज 1885 साली कोलंबोत तयार झाला आणि आता जगभरच्या विहारांवर आहे. वाटेतल्या गावांत पोरं विचारायची, कुठली पार्टी? मावशी त्यांना थांबून सांगायच्या, पार्टी नाही रे बाळांनो, बुद्धांचा झेंडा. मराठीतच सांगायच्या. त्यांना कळायचं.

एका गावाबाहेर शेकोटी पेटली होती. भाताचं काड जळत होतं, चार-पाच म्हातारे हात शेकत बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. आमच्याबरोबर एक भन्तेजी (भिक्खू) होते, विदर्भातले. बसल्या बसल्या त्यांनी पश्चिमेकडे हात केला. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण तिकडे नदीपल्याड गयाशीर्ष, आजचा ब्रह्मयोनी डोंगर. तिथे बुद्धांनी आदित्तपरियाय सुत्त सांगितलं. ऐकणारे होते हजार जटाधारी, उरुवेल कस्सप, नदी कस्सप आणि गया कस्सप या तीन भावांचे शिष्य, नुकतेच भिक्खू झालेले. सगळे अग्निपूजक, आयुष्यभर अग्नी राखलेला. त्यांना बुद्ध म्हणाले, "सब्बं भिक्खवे आदित्तं." सगळं पेटलेलं आहे. डोळा पेटलाय, कान पेटलाय, मन पेटलंय. कशाने? लोभाने, द्वेषाने, मोहाने.

भन्तेजी हिंदीत सांगत होते, म्हणून ते म्हातारेही ऐकत होते. भन्तेजींनी काडीने शेकोटीतलं काड जरा बाजूला सारलं, ज्योत बसली. "नवीन काड घालायचं बंद केलं की आग आपोआप विझते," ते म्हणाले. "तिला मारावं लागत नाही. निब्बान म्हणजे एवढंच." एका म्हाताऱ्याने लगेच काड परत आत ढकललं, थंडी होती म्हणून. भन्तेजी म्हणाले, बरोबर आहे बाबा, तुम्ही घाला. मी आयुष्यात निर्वाणावर बरीच प्रवचनं ऐकली आहेत. याच्याइतकं स्वच्छ एकही नव्हतं. आणि ज्यांना उपदेश करायचा त्यांच्या हातातलीच गोष्ट उचलायची, अग्नी राखणाऱ्यांशी अग्नीचंच बोलायचं, ही बुद्धांची रीत मला सगळ्यांत थोर वाटते.

मधला रस्ता सरळ आणि लांब आहे. ट्रक, धूळ, भिंतींवर थापलेल्या गोवऱ्या, दुपारी लिट्टी-चोखा. मुक्काम शाळेच्या ओसरीवर नाही तर कुणाच्या खळ्यावर. पाय दुखले, फोड आले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जेठियन मात्र सांगायलाच हवं. हेच जुनं यष्टिवन, पालीतलं लठ्ठिवन. बुद्ध हजार भिक्खूंसह इथे येऊन थांबले. मगधाचा राजा बिंबिसार राजगृहाहून मोठा जनसमुदाय घेऊन भेटीला आला. परंपरा सांगते, सिद्धार्थ ज्ञानाच्या शोधात असताना बिंबिसाराने त्याच्याकडून वचन घेतलं होतं, सापडलं की आधी माझ्याकडे ये. ते वचन पाळायला बुद्ध या बाजूला आले. लोकांना मात्र कळेना, यात गुरू कोण आणि शिष्य कोण? उरुवेल कस्सप वयाने मोठे, मगधात नावाजलेले. तेव्हा कस्सप उठले, बुद्धांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले, भगवान माझे शास्ते आहेत, मी त्यांचा श्रावक आहे. एवढी कीर्ती, एवढे शिष्य, आणि चारचौघांत हे म्हणणं.

तिपिटक पठण संपलं की जेठियनहून राजगीरच्या वेळुवनापर्यंत मोठी धम्मयात्रा निघते. तिच्यात आम्ही सामील झालो. साधारण 13-14 किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना डोंगरांच्या रांगा आणि मध्ये झुडपांची खिंड. गावकरी दारात उभे होते, बायकांनी फुलं टाकली, पोरं ध्वज घेऊन रांगेत. पुढे भिक्खूंची ओळ. गडद तांबडी चीवरं म्यानमारची, भगवी थायलंडची, तपकिरी व्हिएतनामची. मागे पांढऱ्या कपड्यांतले आम्ही. कुणी घोषणा देत नव्हतं. पाली गाथा एका गटातून दुसऱ्याकडे जायची. आम्ही "बुद्धं सरणं गच्छामि" आमच्या चालीत सुरू केलं, तर पुढचे श्रीलंकेचे लोक त्यांच्या चालीत मिसळले. मावशी तोवर दमल्या होत्या, पण आवाज सोडला नाही.

आणि ही यात्रा करताना कुणाकडे काही मागायचं नव्हतं. नवस नाही, साकडं नाही. बुद्धांनी स्वतःला मार्ग दाखवणारा म्हटलं, चालायचं ज्याचं त्याने. तिसरणात शरण जातो तेही स्वतः चालण्याच्या तयारीने. आमच्या आजोबांच्या पिढीने 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर हेच स्वीकारलं: देवाकडे बघत बसायचं नाही, आपल्या दुःखाचं कारण शोधायचं. जातीचं दुःख भोगणाऱ्यांना "दुःखाला कारण असतं" हे वाक्य काय देऊन गेलं, ते आमच्या घरांत विचारावं.

राजगीरला डोंगर फाकतात आणि बिंबिसाराच्या जुन्या नगराच्या दगडी तटाचे अवशेष दिसतात, चुन्याशिवाय रचलेले अवाढव्य दगड. मग गरम पाण्याची कुंडं, आणि जवळच वेळुवन. राजाने हे बांबूचं वन संघाला दिलं, सोन्याच्या झारीने पाणी सोडून. विनयात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, त्याची कारणंही आहेत: नगरापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, दिवसा गर्दी नाही, रात्री गलका नाही. संघाला मिळालेला हा पहिला आराम, म्हणजे भिक्खूंनी राहायचं उद्यान. आज तिथे बाग आहे, बांबू आहेत, तळं आहे.

याच राजगृहात अस्सजी भिक्षेला निघाले होते. सारनाथला पहिला उपदेश ऐकणाऱ्या पाच भिक्खूंतले. त्यांची चाल बघून एक तरुण परिव्राजक मागोमाग गेला, भिक्षा होईपर्यंत थांबला आणि मग विचारलं, तुमचे शास्ते काय शिकवतात? अस्सजी म्हणाले, मी नवा आहे, थोडक्यात सांगतो: "ये धम्मा हेतुप्पभवा, तेसं हेतुं तथागतो आह." जे कारणातून उपजतं, त्याचं कारण तथागतांनी सांगितलं, आणि त्याचा निरोधही. तो तरुण म्हणजे सारिपुत्त, पुढे बुद्धांचे पट्टशिष्य झालेले. पुढे हीच गाथा शतकानुशतकं मातीच्या लहान मुद्रांवर उमटवली गेली. नालंदेच्या उत्खननात अशा मुद्रा सापडल्या आहेत, कित्येक तर तळहाताहूनही लहान. ज्यांना मूर्ती परवडत नसेल त्यांनी मातीत एक वाक्य उमटवून स्तूपात ठेवावं, आणि ते वाक्य कार्यकारणाचं असावं! चक्र, कमळ, बोधिपान ही सगळी चिन्हं मला प्रिय आहेत, पण धम्माचं चिन्ह एकच निवड म्हटलं तर मी ती मातीची मुद्रा निवडेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजगीरचा गृध्रकूट डोंगर चढलो. वर विटांच्या जोत्यावर धूप आणि फुलं. ऐंशीव्या वर्षी बुद्ध याच डोंगरावरून निघाले आणि शेवटच्या चारिकेला लागले. नालंदा, पाटलीग्राम, वैशाली, पावा आणि कुसिनारा, म्हणजे कुशीनगर. आता आम्हाला तो रस्ता धरायचा आहे, वैशालीपर्यंत तरी. मावशींनी परत आल्या आल्या विहाराच्या वहीत नावं घ्यायला सुरुवात केली, आणि वरच्या ओळीत स्वतःचं लिहिलं.