हर्णैच्या बंदरावर कुरव ओळखताना

दापोलीचा उतार संपवून हर्णैला येणारे बहुतेक जण लिलावात सुरमईचा भाव काय फुटतो ते बघायला येतात. मी गळ्यात दुर्बीण अडकवून वाळूत बसलो, तेव्हा एक मावशी टोपली खाली ठेवत म्हणाल्या, "मासळी सोडून पाखरं काय बघताय?" समोर सुवर्णदुर्ग, मध्ये नांगरलेल्या होड्या आणि होड्यांवर कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, नुसता कल्ला.

जानेवारीत कुरव ओळखताना डोक्याच्या रंगावर जाऊ नये. रंगीत टोपी विणीच्या हंगामापुरती. थंडीत तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव, या दोन्ही जाती पांढऱ्या डोक्याच्याच. डोळ्यामागे तेवढा एक काळपट ठिपका. म्हणून आधी डोळा बघायचा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचं बुबुळ फिकट पिवळट असतं, त्यामुळे तो कायम वैतागलेला वाटतो. दुसऱ्याचा डोळा गडद. पण पहिल्या वर्षातल्या पोरांचे डोळे दोन्हीकडे गडदच, तिथे ही खूण चालत नाही. मग पंख उघडायची वाट बघावी. टोकाला भरपूर काळा रंग असेल तर तपकिरी डोक्याचा. प्रौढाच्या त्या काळ्यात पांढरे ठिपकेही असतात. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा चमकला, की काळ्या डोक्याचा. माझा भरवसा पंखावरच जास्त.

कुरवाचा नातलग सुरय (टर्न) पाण्यात सूर मारतो, कुरव शक्यतो तेवढे कष्ट घेत नाही. जाळी झाडली की पडेल ते वरच्यावर उचलायचं, नाहीतर ज्याच्या चोचीत बोंबील दिसेल त्याच्या मागे लागायचं. बोंबील सुटून पडला की तिसराच कोणी तो पळवतो. हे बघण्यात माझा लिलाव राहून गेला.

तहानेचीही त्यांना अडचण नाही. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ वेगळं काढतात आणि ते नाकपुड्यांतून ठिबकतं, म्हणून समुद्राचं पाणी चालतं. मांडव्याच्या बोटीवरून लोक त्यांना गाठ्या, वेफर्स फेकतात, तो प्रकार मला अजिबात पटत नाही.

मार्चमध्ये काहींच्या डोक्यावर टोपी चढायला लागते, तेव्हा पुन्हा यायचं आहे. त्यानंतर तपकिरी डोक्याचे कुरव विणीसाठी लडाख-तिबेटच्या तलावांकडे निघतात. त्यातल्या लडाखच्या त्सो मोरीरी तलावाची उंची साडेचार हजार मीटरच्या वर आहे.