जानेवारीतली पचमढी आणि गारठलेलं इंजिन

नागपूरहून पचमढीला निघायचं होतं आणि पहाटे पावणेपाचला बाबा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी सुरू करून उभे होते. दहा मिनिटं तरी झाली असावीत. "गरम होऊन राहिली," म्हणाले. त्यांची सवय जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळातली. चोक ओढून कार्ब्युरेटरचं इंजिन नीट धरेपर्यंत तेव्हा थांबावंच लागायचं. आमची गाडी कॉमन रेल डिझेल, म्हणजे इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून सोडणारी. उभ्या उभ्या ती फार हळू तापते, थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते आणि थोडं इंधन पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. त्याहून मोठी काळजी धुराची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद जागेत गाडी चालू ठेवून कुणीही थांबू नका, लहान मुलं आत बसलेली असतील तर मुळीच नाही.

नागपूरला थंडी कसली, असं बाहेरचे म्हणतात. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली आहे. पचमढी तर हजार मीटरच्या वर.

आता आम्ही असं करतो: चावी फिरवून पिवळा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. सिलिंडर आतून तापवणारे ग्लो प्लग गरम व्हायला ते काही सेकंद लागतात. मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ (स्टार्टर) मारायचा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं ऑइल ढवळण्याचा भार सेल्फवर येत नाही. अर्धा मिनिट थांबून निघायचं आणि इंजिनच्या तापमानाची सुई वर येईपर्यंत दोन हजार आरपीएमच्या आत चालवायचं. सुई मधोमध आली तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो, म्हणून पुढचे पाच-सात किलोमीटरही दामटायची नाही. प्रतापनगर ते कोराडी एवढ्यात हे आपसूक होतं.

सावनेरच्या पुढे संत्र्याच्या बागांवर धुकं होतं. आतून काच धूसर झाली की एसी लावून हवा काचेवर सोडा, एसी ओल शोषतो. सौंसर, सिलेवानी घाट, छिंदवाडा, तामिया, मटकुली. अडीचशेच्या आसपास किलोमीटर, रस्ता एकूण चांगला.

पचमढीत गाडी दोन रात्री उघड्यावर उभी राहिली, कारण तिथल्या धूपगड शिखरावर आम्ही भाड्याच्या जिप्सीने गेलो. तिसऱ्या सकाळी सेल्फ मारला तर नुसतं घरघर, मग टकटक. बॅटरी चार वर्षांची होती. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरी आतून खंगते. थंडीत तिची ताकद कमी होते, इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. म्हणून मे महिन्यातलं दुखणं जानेवारीत कळतं. विदर्भातल्या माणसाने निघण्याआधी बॅटरीची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्यावीच. नुसते १२.६ व्होल्ट दिसले म्हणून भागत नाही.

शेजारच्या वर्ध्याच्या कुटुंबाकडे जंपर केबल होती. "थांबा भाऊ, पहिले लाल लावू द्या," म्हणत त्या काकांनी मला क्रम दाखवला. लाल आधी आमच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला आणि शेवटचं टोक आमच्या बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूवर, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ उडत नाही. पाच मिनिटं त्यांचं इंजिन चालू ठेवलं आणि आमची गाडी सुरू झाली. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. ती केबल आता आमच्या डिकीत कायम असते.

परतताना एक गोष्ट लक्षात आली, ती पचमढीला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. गावातून निघालं की लगेच घाटाचा उतार लागतो. उतारावर इंजिनवर भार नसतो, त्यामुळे ते तापतच नाही, आणि आपण मात्र ब्रेक वाचवायला खालच्या गिअरमध्ये ते जोरात फिरवत असतो. आम्ही आधी गावातच तीन-चार किलोमीटर फिरलो, चहा घेतला, टायरची हवा गार असतानाच तपासून घेतली (दोन-तीन पीएसआय उतरली होती) आणि सुई वर आल्यावरच घाट उतरायला लागलो.

छिंदवाड्यापर्यंत कुठेही इंजिन बंद केलं नाही. बॅटरी नागपूरला आल्यावर बदलली.