गुलाल एकदाचा उतरला!

'वाडी रत्नागिरी ब्रास' या मनानंच रचलेल्या बँडच्या रेकॉर्डसाठी मी कव्हर छापतोय, त्यावर काल रात्री गुलालाचा गुलाबी रंग मनासारखा उतरला. १९७२ची ही एलपी, म्हणजे मोठी ग्रामोफोन रेकॉर्ड, कधी निघाली नाही, हा बँडही कधी नव्हता. पण चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांच्या मागं ट्रम्पेट वाजवत निघालेली ती पोरं मला आता चेहऱ्यानिशी दिसतात.

मागच्या डिजिटल प्रुफात गुलाल वाळल्या बिटासारखा दिसत होता. दोष मशिनचा नाही. सीएमवायकेच्या, म्हणजे नेहमीच्या रंगीत छपाईच्या, चार शाईंत तो झगझगीत गुलाबी बसतच नाही. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पेटतो, कागदावर विझतो. म्हणून तेवढा रंग फ्लोरोसंट शाईनं, स्क्रीन प्रिंटिंगनं, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, चढवायचं ठरलं.

खरी कटकट तिथून सुरू झाली. गुलालाचा ढग खाली गच्च आणि वर विरत जाणारा, म्हणजे हाफटोन, लहान-मोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवणं, आलाच. ४५ लाइनचे (इंचाला ठिपक्यांच्या ४५ रांगा) ठिपके १२०च्या जाळीतून (इंचाला १२० धागे) काढले, तर ढगभर मॉयरेची, म्हणजे ठिपके आणि धागे यांच्या रांगा एकमेकींत अडकून उमटणारी, चौकडी. भिंग लावलं की कारण दिसतं. ४५ लाइनला एका ठिपक्याचं घर ०.५६ मिलिमीटर, आणि तेवढ्यात जाळीचे तीन धागेही धड मावत नाहीत. बारीक ठिपका धाग्यावर आला की गायब, शेजारचा मोकळ्यात आला की शाबूत. जाळी लाइनच्या चार-पाच पट हवी हे खरं, पण २३०ची जाळी लावली तर शाईचा थर पातळ पडतो आणि गुलालातली सगळी धगच जाते. बरेच दिवस यातच अडकलो होतो. शेवटी जाळी २३०पर्यंत बारीक करायचा नाद सोडला आणि ठिपकाच मोठा केला: ३५ लाइन, १८०ची जाळी, कोन ४५ऐवजी २२.५ अंश, म्हणजे ठिपक्यांच्या रांगा धाग्यांच्या रांगांशी जुळत नाहीत. चौकडी गेली! ठिपके हातभर अंतरावरून दिसतात आणि त्या काळच्या स्वस्त छपाईला ते शोभतातच.

जाळीची फ्रेम तयार घेऊ नका, हे माझं ठाम मत. ऑनलाइन मागवलेली लगेच सैल पडली. ही लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ताणून घेतली. तिथले मामा जाळीवर टिचकी मारून म्हणाले, "आवाज आला पायजे बघा, नायतर रंग सरकतोय." एक कण सरकला नाही.

आता काळा. ट्रम्पेटवाल्यांच्या आकृत्या गुलालावरच छापायच्या, म्हणजे खाली जागा सोडायची भानगड नाही. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, काळाही स्क्रीननंच होणार असेल तर डिजिटलचं निळं आभाळ ठेवायचं कशाला? दोनच रंग, ३१५ मिलिमीटर चौरस, ग्रे-बॅक डुप्लेक्स बोर्ड (मागून करडा पुठ्ठा). ॲलेक्स स्टाइनवाइस या अमेरिकन डिझायनरनं १९४०मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी चित्रांची कव्हरं सुरू केली, तीही पोस्टरसारखीच. आणि बाबूराव पेंटरांच्या गावात, कोल्हापुरात, पोस्टरला नाही कसं म्हणायचं? आभाळ रद्द. अक्षरंही फाँटमधून न घेता ब्रशनं काढणार.

पाठीमागची बाजू बाकी आहे. एका बाजूला वीसेक मिनिटांत बसतील अशी गाण्यांची नावं आणि वेळा जुळवतोय. फ्लोरोसंट रंग उन्हात उडतो, म्हणून प्रती अंधाऱ्या कपाटात ठेवल्यात. डुप्लेक्सवर मॅट लॅमिनेशन केल्यावर गुलाबी किती दबतो, कुणी करून बघितलं असेल तर सांगा. त्याशिवाय पुढच्या प्रती लॅमिनेशनला देणार नाही.