पेठांच्या पोटातलं पाणी

फडके हौद, काळा हौद, बदामी हौद, पंच हौद. रिक्षावाल्याला यातलं कुठलंही नाव सांगा, तो बरोबर नेऊन सोडतो. पुण्याच्या पेठांतले हे पत्ते म्हणजे शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्याचा नकाशाच आहे. शनिवारवाडा, तुळशीबाग, विश्रामबाग सगळेच बघतात. पण त्यांच्याभोवती इतकी दाट वस्ती कशाच्या जोरावर टिकली, हे कळायला जमिनीखाली डोकवावं लागतं. मुठा नदी पेठांच्या खालच्या अंगाला वाहते, तिचं पाणी वर आणायला रोज राबावं लागणार. शहराच्या दक्षिणेला उंचावर असलेल्या कात्रजचं पाणी मात्र उतारानं आपसूक खाली येतं.

1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी हेच हेरलं. कात्रजला एकाखाली एक असे दोन तलाव केले. वरच्यात गाळ बसायचा, निवळ पाणी खालच्यात यायचं आणि तिथून नळात शिरायचं. नळ म्हणजे लोखंडी पाइप नव्हे; दगड-चुन्यात बांधलेला, माणूस आत शिरून साफ करू शकेल असा बंदिस्त बोगदा. तो साधारण आठ किलोमीटर चालत शनिवारवाड्यापर्यंत येतो. पंप नाही, चाक नाही, नुसता उतार. म्हणूनच तो उतार साधणं हीच खरी कारागिरी. उतार जास्त झाला तर पाण्याच्या वेगानं चुना झिजतो, कमी पडला तर गाळ तळाला बसून नळ तुंबतो.

दुसरी अडचण हवेची. लांबलचक बंद नळात हवा अडकली की पाणी थबकतं. त्यासाठी ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले: नळावर उभे केलेले, वरून उघडे चौकोनी खांब. त्यांतून हवा बाहेर पडायची, दाब मोकळा व्हायचा आणि सफाईसाठी आत उतरायलाही वाट मिळायची. शहरात शिरल्यावर मुख्य नळातून खापरी नळांच्या फांद्या निघत. काही सार्वजनिक हौदांकडे जात, काही सरदारांच्या वाड्यांकडे. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं याच पाण्यावर उडे. कारंजं उडायचं तर पाणी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवरून यावं लागतं, आणि कात्रजचा चढ नेमकी तेवढी उंची देत होता.

हा एकच नळ नव्हता. नाना फडणवीसांनी आंबेगावाकडून वेगळा नळ आणला, रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेसाठी स्वतंत्र. त्यामुळे 'सगळे हौद कात्रजचे' हे सरसकट विधान बरोबर नाही. एखाद्या हौदाबद्दल बोलताना त्याचं पाणी कुठल्या नळाचं, हे आधी विचारावं.

हौदांबद्दल कौतुकानं बोलताना एक गोष्ट गाळली जाते: तिथे पाणी सगळ्यांना मिळत नव्हतं. गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो या पार्श्वभूमीवर. पेठेला आज त्यांचंच नाव आहे. फुलेवाड्यात गेलात तर तुळशीवृंदावनाशी थांबून परत फिरू नका, पाण्याच्या त्या निर्णयाची जागाही हीच. त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधला आणि तो सर्व जातींना मोकळा ठेवला. फरासखान्याजवळ तो दिसतो, पण फेरीवाल्यांच्या आणि पार्किंगच्या गर्दीत मुद्दाम शोधावा लागतो. माझ्या मते पेठांतली ही सर्वांत दुर्लक्षित मोलाची वास्तू आहे. आणि पंच हौदाजवळच्या ख्रिस्ती मिशनमध्ये 1890 साली झालेल्या चहापानावरून टिळक, रानडे यांच्यासकट अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, आलं. पाणी कुणाच्या हातचं, चहा कुणाच्या हातचा, हा वाद या गल्ल्यांत किती खोल होता ते यावरून कळतं.

1879 च्या सुमारास खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं आणि हळूहळू हौद मागे पडले. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं, तेव्हा शहराची तहान भागवायला जुने हौद आणि विहिरी पुन्हा कामी आल्या. त्यानंतर मात्र नळाची हेळसांड वाढतच गेली.

नळ नेमका कसा मरतो? बहुतेक वेळा एका घावात नाही. वरच्या झाडांची मुळं चुन्याच्या सांध्यांतून आत घुसतात, गाळ कुणी काढत नाही, शेजारून गेलेली ड्रेनेजची लाइन पाझरते आणि पिण्याचं पाणी नासतं. मग जुना वाडा पाडून नवी इमारत येते, तळघराचा खड्डा नळाला भिडतो. खड्ड्यात भर उन्हाळ्यातही स्वच्छ पाणी भरू लागतं, ते 'झरा लागला' म्हणून पंपानं गटारात सोडतात आणि तोंड काँक्रीटनं बुजवतात. तिथून पुढचे हौद कोरडे पडतात आणि अडलेलं पाणी वाट फुटेल तिकडे, म्हणजे शेजारच्या इमारतींच्या पायात शिरतं. 2019 साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुना जलबोगदा लागला, तेव्हा कुठे बातम्या झाल्या.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास पेठेत होणार असेल तर खोदाईआधी तीन गोष्टी कराव्यात. जुन्या रहिवाशांना वाड्यातला हौद किंवा आड कुठे होता ते विचारून आराखड्यावर खूण करावी. खड्ड्यात विटा-चुन्याची किंवा घडीव दगडाची कमान दिसली तर जेसीबी थांबवून आधी फोटो आणि मोजमाप घ्यावं. आणि पाणी लागलं तर बुजवण्यापूर्वी ते कुठल्या बाजूनं येतं ते बघावं: दक्षिणेकडून, एकसारख्या धारेनं येत असेल तर तो झरा नसून नळ असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी महापालिकेच्या हेरिटेज विभागाला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.