सिस्टर, तुम्ही कशाला तपासता?

"बाई, तुम्ही नुसती सुई द्या. तपासायला डॉक्टर हायेत की."

नातेवाईक असं म्हणतात तेव्हा त्यात अपमान नसतो, घाई असते. जीप दारात उभी असते, भाडं चढत असतं. नव्याने लागलेल्या पोरी तोच प्रश्न हळू आवाजात विचारतात: "मॅडम, आपण छाती ऐकली, पोट दाबून बघितलं, वर ते लिहूनही ठेवलं, तर उद्या आपल्या अंगावर येईल ना?" आणि माझा भाऊ दर दिवाळीला म्हणतो, "एवढी तपासायची हौस होती तर डॉक्टरच व्हायचं होतंस." भावासाठी माझं उत्तर तयार आहे. घरात एकाच्याच शिक्षणापुरते पैसे होते आणि ते कुणावर खर्च झाले हे त्याला चांगलं ठाऊक आहे. बाकीच्यांना मी आजवर काहीबाही सांगून कटवत आले. ट्रेनिंग झालंय, वरून फॉर्म भरायचाय, असलं काहीतरी. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात मी फार बरी दिसत नाही. पण आता विचारलंतच, तर ऐका.

आधी एक सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. हे मी दिवसातून चार वेळा म्हणते, न विचारताही म्हणते. मी रोगाला नाव देत नाही. हा पेशंट इथं थांबला तर चालेल का, आणि चालणार नसेल तर किती वेळात निघाला पाहिजे, एवढंच मला तपासून ठरवायचं असतं. हे 'एवढंच' किती मोठं आहे ते मला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करताना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत एक प्रोसिजर होती, शारीरिक तपासणीच्या वेळी मदत करणे. ट्रेमध्ये टॉर्च, टंग डिप्रेसर, मोजपट्टी, नी हॅमर, ट्यूनिंग फोर्क मांडायचे, पडदा ओढायचा, पेशंटला नीट झोपवायचं आणि बाजूला उभं राहायचं. टॉर्च पेटतो का हे बघणं आमचं काम. त्याच्या उजेडात काय दिसतं ते बघणं आमचं नव्हे. बघणं, हाताने चाचपणं, बोटाने ठोकणं, कानाने ऐकणं हा क्रम पाठ होता. पोटाला तो बदलतो, आधी ऐकायचं आणि मग दाबायचं, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलतात, हेही पाठ होतं. व्हायव्हात त्याचे मार्क मिळाले. प्रत्यक्ष पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तो नोकरीला सहा वर्षं झाल्यावर.

२०१२ सालचा श्रावण. एक ग्रामीण रुग्णालय, कुठलं ते सांगत नाही. रात्रपाळीला मी, एक मावशी आणि एक वॉर्डबॉय. पहाटे साडेचारला मोटारसायकलवर मधे बसवून एका पोराला आणलं, बारा-तेरा वर्षांचा असेल. बाप सालगडी, सगळं कुटुंब शेतातल्या आखाड्यावर राहणारं. "जेवून चांगला झोपला होता. तीनपासून पोट लई दुखायलंय म्हणतोय. दोनदा उलटी झाली." आदल्या दिवशी गावात पंगत होती, हेही त्यांनीच सांगितलं, आणि आमचं सगळ्यांचं डोकं त्या पंगतीतच जाऊन बसलं. सरांना उठवलं. सर चांगले होते. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट सांगितली की लोक लगेच डॉक्टरला शिव्या घालायला घेतात. त्यांची सलग दुसरी रात्र होती. त्यांनी पोट बघितलं, मऊ होतं. ताप नाही, बीपी ठीक. ॲसिडिटीचं पॅन्टोप्रॅझोल, उलटीचं इंजेक्शन, सलाइन लिहून ते खोलीवर गेले.

मी सलाइन लावत असताना पोरानं माझ्याकडे बघितलं. मान मागं टाकून, हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून. म्हातारी माणसं चष्म्याच्या खालच्या भागातून पेपर वाचतात ना, तसं. वरच्या पापण्या बुबुळाच्या निम्म्यापर्यंत आल्या होत्या. मला ते दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण 'हे पोरगं असं काय बघायलंय' असं मनात आल्याचं मला आजही आठवतं. आई म्हणाली, "रातभर डोळ्याला डोळा नाही त्याच्या." मी म्हटलं, "झोपू द्या त्याला." आणि नोट्समध्ये लिहिलं: पाच वाजता, पेशंट ड्राउझी.

ड्राउझी म्हणजे गुंगीत. पोरगं गुंगीत नव्हतं. हाक मारली की लगेच ओ देत होतं, सुई टोचल्यावर "आई गं" म्हणालं होतं. मला दिसल्या होत्या पडलेल्या पापण्या आणि मी लिहिली झोप. 'दोन्ही पापण्या निम्म्या मिटलेल्या, हाकेला नीट उत्तर देतो' असं लिहिलं असतं तर लिहितालिहिताच माझा पेन अडखळला असता. ड्राउझी या शब्दापाशी कुणीच अडखळत नाही. जागरण, इंजेक्शन, पहाटेची वेळ, सगळं त्यात मावतं.

साडेसहाला मावशी म्हणाल्या, "सिस्टर, पोराच्या तोंडातून लाळ गळायलीय." थुंकी गिळता येत नव्हती. आवाज नाकातून यायला लागला होता. उशीवरून डोकं उचल म्हटलं तर उचलेना. सर धावत आले, अंगठ्याने पापणी वर केली आणि बापाला एकच गोष्ट विचारली: "कुठं झोपला होता?"

खाली. गोधडी टाकून.

मण्यार. रात्री घरात शिरते, खाली झोपलेल्याला चावते. बऱ्याचदा सूज नाही, दुखणं नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या पडतात, मग गिळणं जातं, मग श्वास. काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं, ते वीस मिनिटांत व्यवस्थित गोठलं. गोठणारच. ती टेस्ट घोणस-फुरशासाठी, त्यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं; मण्यारीचं विष नसांना धरतं. सर्पदंशाच्या लशीच्या दहा व्हायल दिल्या. लेकरांनाही मोठ्यांएवढाच डोस लागतो, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. सरांनी ट्यूब टाकली, आणि व्हेंटिलेटर नांदेडला आहे म्हटल्यावर हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी धरून मी रुग्णवाहिकेत बसले. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. वसमतच्या पुढे माझा उजवा अंगठा मिटेना, तेव्हा हात बदलला. बाप समोर बसून माझ्या हाताकडे बघत होता, पोराकडे नाही.

वाचला. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता. दिवाळीच्या आधी आई-बाप त्याला घेऊन आले, बरोबर पाच किलो मूग. बाई माझ्या पाया पडली. "तुमच्या हातानं जगलं माझं लेकरू." काहीतरी बोलायचं म्हणून मी पोराला विचारलं, "आठवतं का रे काही?" तो म्हणाला, "सगळंच. तुम्ही म्हणल्या, झोपू द्या त्याला. मला झोप नव्हती आली. डोळेच उघडना गेले." आवाजात तक्रार अजिबात नव्हती. वर्गात एखादा हुशार मुलगा बाईंचं फळ्यावरचं चुकलेलं गणित सांगतो, तसा तो सांगत होता.

मूग मी घेतले. खिचडी करून खाल्लेसुद्धा.

आता माझी बाजू. मण्यारीचं विष नसांच्या टोकांना एकदा धरलं की लशीने ते सुटत नाही, टोकं पुन्हा कामाला लागायला दिवस जातात. म्हणजे मी पाचला ओरडले असते तरी व्हेंटिलेटर चुकला नसता. दीड तासाने काय बिघडलं? हे मी स्वतःला कितीतरी रात्री सांगितलंय, आणि ते खोटं नाही. पण लाळ गळताना मावशींना दिसली म्हणून. त्या तेव्हा चहाला गेल्या असत्या तर? मी तर आईला सांगूनच ठेवलं होतं, झोपू द्या. वॉर्डात त्या रात्री बावीस पेशंट होते, हेही खरं. आणि समजा मला तेव्हा कळलंच असतं, तर मी सरांना दुसऱ्यांदा उठवलं असतं का? "सर, पापण्या पडल्यात" म्हणायला मी घाबरले नसते. "सर, साप असेल का" म्हणायला घाबरले असते. नंतर ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांना पेशंटची माहिती कशी द्यायची त्याची चार अक्षरं शिकवली, एसबार (SBAR): काय घडतंय, मागचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. आमच्या पिढीची गाडी दुसऱ्या अक्षरापाशी थांबते. पुढच्या दोन्हींच्या जागी आम्ही म्हणतो, "सर, एकदा बघून घ्या."

त्यानंतर मी नर्सिंगचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं, पुढे सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स, आणि आता उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पावसाळ्यात पहाटे पोट दुखतं म्हणून कुणी आलं की पोटाच्या आधी मी डोळे बघते. मान न हलवता छताकडे बघायला लावते, मिनिटभर. एका श्वासात अंक मोजायला लावते. लेकरं मध्येच पाढ्यात घुसतात, चालतं. ठोकून बघणं मला आजही जमत नाही. माझ्या बोटाखाली सगळ्या छात्या सारख्याच वाजतात.

भावाला एकदा मी डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण दिलं. आपल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा माणूस, महाडला विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून बारीक बारीक नोंदी ठेवल्या, त्यातून विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध पुढे आलं. बघण्यातूनच आलं ना? भाऊ म्हणाला, "ते डॉक्टर होते." यावर काय बोलणार.

आणि तो अगदीच चुकीचं बोलत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातल्या कलम ३२ वर डॉक्टर लोक संपावर गेले, आमच्यासारख्यांना मर्यादित परवाना नको म्हणून. मला राग आला होता. पण सहा महिन्यांत एमबीबीएस मावत नाही हे मलाही कळतं. माझ्या आधीच्या 'मी'ला वाटायचं की आपण तपासलं असतं तर सगळं नीट झालं असतं. आता रोज तपासते, आणि चुका वेगळ्या दिशेला होतात. तेव्हा मी कमी बघितलं, आता कधी कधी नको तेवढं दिसतं.

मागच्या महिन्यात एका बाईच्या छातीत दुखत होतं, घाम आला होता, डाव्या हाताला मुंग्या. मी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांशी बोलायचीही वाट बघितली नाही, गाडी बोलावली. तिसऱ्या दिवशी नवरा एकटा आला. दारातच उभा राहून म्हणाला, "साडेतीन हजार गेले. कायबी निघालं नाही. सोयाबीन काढायला उभं हाय. तुम्ही तपासलंच कशाला?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि मानेवरची शीर उडत होती. मी म्हटलं, बसा. बीपीचा पट्टा बांधला. १६८ आणि १००. दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजला, १६४. उद्या सकाळी परत या म्हटलं.

तो आला नाही.