तापमानवाढ पटो न पटो, एसीचा गॅस हवेत सोडू नका

‘हवामान तर लाखो वर्षं बदलतच आलंय, त्यात माणसाचा हात कशावरून?’ असं विचारणाऱ्याला वेड्यात काढणं मला पटत नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तपासून बघता येतं. सूर्य जास्त तापल्यामुळे पृथ्वी तापत असती, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचं स्थितांबर थंड होतंय. शिवाय हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१३चा, म्हणजे कार्बनच्याच जरा जड प्रकाराचा, वाटा घटतोय, आणि कोळसा-तेलातल्या कार्बनमध्ये तो मुळातच कमी असतो. मला एवढा पुरावा पुरतो. तुमची शंका तरीही उरली असेल, तर उरू द्या. एसीतल्या गॅसच्या बाबतीत मात्र त्या शंकेआड लपता येत नाही.

या गॅसांच्या घराण्यावर शंका घेऊन झालेली आहे. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली सांगितलं की फ्रिज-एसीतली क्लोरोफ्लुरोकार्बन्स ओझोनचा थर खातात. तेव्हा उत्पादकांनी ते मानलं नव्हतं. १९८५ साली अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं आणि १९८७ साली असे गॅस आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला. त्यानंतर आलेल्या आर-४१०ए आणि आर-३२ या गॅसांपासून ओझोनला धोका नाही, पण उष्णता ते जबर धरून ठेवतात. म्हणून २०१६ साली रवांडातल्या किगालीत त्याच कराराच्या कक्षेत हेही गॅस आणले गेले.

शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-४१०ए सुमारे २,०९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. आर-३२चा हाच आकडा ६७५च्या आसपास आहे. आपल्याकडे एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक किलो आर-४१०ए सुटला, तर जवळपास तीन हजार युनिट वीज जाळल्याइतकं नुकसान होतं, तेही दोन मिनिटांत. एसी २४ अंशांवर ठेवा, वीज वाचेलच. पण वर्षभर वाचवलेलं सगळं घर बदलताना पाइप सोडवण्याच्या त्या फुस्स आवाजात निघून जातं.

ते टाळायला ‘पंप डाउन’ करतात, म्हणजे पाइप सोडवण्याआधी सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा करून बंद करतात. कॉम्प्रेसर चालू स्थितीत असेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे. एसी कूलिंगवर, १६ अंशांवर लावून दहा मिनिटं चालू द्यायचा. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की मंदावतो, म्हणून त्यात सक्तीच्या कूलिंगचा मोड लावावा लागतो. आउटडोअर युनिटच्या जाड पाइपाकडच्या सर्व्हिस पोर्टला दाब दाखवणारा गेज जोडायचा. आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह एलन कीने पूर्ण बंद करायचा. आता गॅस पुढे जाऊ शकत नाही, आणि कॉम्प्रेसर पाइपातला उरलेला गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतो. काटा शून्याच्या जरा वर आला की जाड पाइपाचा व्हॉल्व्ह बंद, आणि लगेच वीज बंद. काटा शून्याखाली जाऊ देऊ नये. जोड सैल असेल तर तिथून हवा आत ओढली जाते, आणि तेल, गॅस व हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेली की स्फोट होऊ शकतो. म्हणूनच कॉम्प्रेसर चालू असताना नट सैल करायचा नाही, कितीही घाई असली तरी. हे काम मेकॅनिकचंच. तुम्ही समोर उभं राहून क्रम बघायचा.

नव्या घरात वेगळीच गडबड होते. पाइपातली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावायचा सोडून बरेच जण थोडा गॅस सोडून हवा ढकलून काढतात. गॅस वाया जातो, ओलावा मात्र पाइपातच राहतो आणि पुढे तेल खराब करतो. पंप किमान वीस-तीस मिनिटं चालवायचा, मग बंद करून निर्वात स्थिती टिकते का ते पाहायचं. फ्लेअरची, म्हणजे नटात बसणारी पाइपाची पसरट केलेली, जुनी टोकं कापून नवी करायची. लीकेज बहुधा तिथूनच सुरू होतं.

आणि ‘दरवर्षी थोडा गॅस भरावाच लागतो’ हे साफ खोटं आहे. एसीची नळी बंद असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. फ्लेअर नटपाशी तेलकट डाग दिसतो का बघा, साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. कॉइलवर बर्फ जमला तर आधी फिल्टर धुवा, कारण हवा अडली तरीही बर्फ जमतो. गळती न बुजवता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, आणि हे तापमानवाढ न मानणाऱ्यालाही परवडत नाही. भरायचाच झाला तर यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमांप्रमाणे, वजनकाट्यावर भरून घ्या. आर-४१०ए दोन गॅसांचं मिश्रण आहे, तो द्रवरूपातच भरायचा.

जुना एसी भंगारात देताना सगळ्यात जास्त गॅस फुकट जातो, कारण तिथे पाइप थेट कापतात. कॉम्प्रेसर चालू असेल तर आधी पंप डाउन करून घ्या आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या. तो बंद पडला असेल तर पंप डाउन होणारच नाही. अशा वेळी रिकव्हरी मशीन (गॅस ओढून सिलिंडरात भरणारं यंत्र) आणि रिकामा सिलिंडर घेऊन येणारा मेकॅनिकच बोलवा, आणि फोनवरच विचारून घ्या की हे दोन्ही त्याच्याकडे आहे का.